हिरव्या डब्यात गेलेलं श्रीखंड

मागच्या रविवारी आमच्याकडे मुंज झाली. माणसं आली अडीचशे, स्वयंपाक साडेतीनशेंचा. संध्याकाळी मॅरेज गार्डनच्या मागच्या फाटकापाशी उभी राहून मी बघत होते. उकाड्यात आंबलेलं श्रीखंड, पुऱ्यांचा ढीग, पातेलंभर मसालेभात, सगळं ओल्या कचऱ्याच्या डब्यात चाललं होतं. मी हळहळले तर भाच्याने समजूत घातली, "मावशी, वाया कुठे जातंय? इंदूर आहे हे. याचा गॅस होतो, त्यावर सिटी बस चालते."

त्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच मला ते जास्त लागलं. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा इथला देवगुराडियाचा प्लांट फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. तेव्हा दिवसाला ५५० टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता होती आणि त्यातून १७ हजार किलोच्या आसपास बायो-सीएनजी मिळू शकत होता. घराघरांतल्या बायका रोज कचरा वेगळा करून देतात, सफाईमित्र पहाटेपासून राबतात, म्हणून हे जमलं. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण तो प्लांट दुधीच्या सालांसाठी आणि मेथीच्या देठांसाठी आहे. खाण्याजोगं अन्न त्यात घालून आपण निश्चिंत व्हायचं, हे मला मान्य नाही.

किलोभर चक्क्याला तीनेक लिटर दूध लागतं. त्यामागे जनावराचा चारा, त्या चाऱ्याचं पाणी, दूध थंड ठेवायची वीज. आणि पाण्याचं तर इंदूरकरांना सांगायलाच नको. आपल्या नळाला येणारी नर्मदा सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून आणलेली आहे. नर्मदा यायच्या, म्हणजे १९७८ च्या आधीची टंचाई ज्यांनी पाहिली, त्यांच्या घरात भात टाकताना आजही हात अडखळतो. या सगळ्यातलं कितीसं त्या गॅसमधून परत मिळतं? अगदी थोडं.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांमधून. भारतात घरातून वाया जाणारं अन्न माणशी वर्षाला ५५ किलो धरलंय. म्हणजे दोष फक्त गोदामांचा आणि लग्नांचा नाही.

चोइथराम मंडीत एकदा सांवेरकडचा एक शेतकरी भेटला होता. कांद्यात मोठा माल वेगळा, मध्यम तो गोल्टा वेगळा, अगदी बारकी ती गोल्टी वेगळी. बटाट्यात बारका तो गुल्ला. "एकाच वावरातला माल, पाणी तेच, खत तेच, पण गोल्टीचं कधी कधी भाडंसुद्धा निघत नाही," म्हणाला. २०१७ साली मध्य प्रदेश सरकारने ८ रुपये किलोने कांदा विकत घेतला, आणि पावसात त्यातला कितीतरी सडला, हे इथे कोणी विसरलेलं नाही. पिकवणाऱ्याचं असं होतं, आणि आपण दुकानात एकसारखे कांदे निवडत बसतो. मी आता गोल्टीच आणते. सोलायला वेळ लागतो, चवीत काही फरक नाही.

केटररलाही मी विचारलं, इतकं का केलंत? म्हणाला, "काकू, उरलं तर कोणी बोलत नाही. कमी पडलं तर माझं नाव जातं." खरंच आहे. त्याला ही भीती आपणच घातली. उरलेलं अन्न नेणाऱ्या संस्थांनाही दुपारी दोनला फोन करायला हवा होता. आम्हाला आठवण झाली सहा वाजता.

पूर्वी रामबागेत पंगती उठायच्या तेव्हाही आग्रहापायी पानात टाकलं जायचं, नाही असं नाही. पण वाढणारा समोर असायचा, त्याला अंदाज यायचा.

पुढच्या महिन्यात सुनेचं डोहाळजेवण आहे. साठ माणसं, फोन करून मोजलेली. सात पदार्थ, त्यात गुल्ल्याची रस्साभाजी. त्याच भाच्याला वाढायला उभं करतेय, विचारून वाढायचं असं सांगून. आणि शेवटच्या घाण्याच्या पुऱ्या दुसरी पंगत बसल्यावरच तळायच्या, हे स्वयंपाकाच्या महाराजांशी बोलून ठेवलंय.