खुलासा: वाळलेलं लॉन मेलेलंच असतं असं नाही

‘दुष्काळात लॉन पिवळं पडलं म्हणजे मेलं, लगेच भरपूर युरिया टाका, रोज पाणी शिंपडा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. पाणी तुटलं की बरीच गवतं पाती वाळू देतात आणि जीव बुडख्यात राखून ठेवतात. चिमूटभर गवत ओढून स्वतःच पाहा. घट्ट धरून असेल, बुडखा पांढरट आणि टणक असेल, तर ते जिवंत आहे. तहानलेल्या मुळांना युरिया जाळतो, म्हणून खत फुटवे हिरवे झाल्यावरच, तेही थोडं. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरच राहतात. आठवड्यातून एकदा-दोनदा, एकूण साधारण २५ मिलिमीटर पाणी खोल मुरू द्या. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.