बंद गेट आणि कापलेली पी.एल.

परवा भाच्याचा फोन. "मावशी, मेंटेनन्ससाठी प्लांट आठ दिवस बंद ठेवतायत. एचआर म्हणतंय पी.एल.चा, म्हणजे साठलेल्या भरपगारी रजेचा, फॉर्म भरा. भरू?" म्हटलं, सही करू नकोस, संध्याकाळी बोलू. मग दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर २०२४ चं मस्टर.

वडोदऱ्याच्या माणसाला तो ऑगस्ट सांगायला नको. जन्माष्टमीला, २६ तारखेला, पाऊस कोसळला, विश्वामित्री नदी गावात शिरली आणि लोक एकमेकांना मगरींचे व्हिडिओ पाठवत बसले. मी तेव्हा एका लहान कारखान्यात पगारपत्रक बघायचे. ३८ माणसं. आत गुडघाभर पाणी, मोटरी बुडालेल्या, मंगळवार ते शनिवार काम बंद. शेठ तसे वाईट नव्हते, चिखल उपसायला पायजमा वर करून स्वतः उतरले. पण पगाराच्या वेळी म्हणाले, "बेन, पांचेय दिवस पी.एल.मां नाखी दो." ज्याची शिल्लक नाही, त्याचे बिनपगारी.

मी टाकले. हे आधी कबूल करते.

आमच्याकडे खानदेशातला एक टर्नर होता, निम्मी हयात इथे गेलेली. तो बुधवारी मांडीभर पाण्यातून डब्यासकट गेटपर्यंत आला होता. वॉचमननं परत पाठवला. त्याच्या नावापुढे, त्याच बुधवारच्या चौकटीत, मी पी.एल. लिहिलं. पगार सात तारखेच्या आत द्यायचा असतो आणि त्या वर्षी ७ सप्टेंबरलाच गणपती, म्हणून आम्ही सहालाच वाटला. सगळे स्लिप न वाचता मूर्ती आणायला पळाले. सोमवारी तो स्लिप घेऊन टेबलापाशी आला. दिवाळीनंतर मुलीचं लग्न, त्यासाठी ११ रजा राखल्या होत्या, राहिल्या सहा. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, मी तर आलो होतो."

तेव्हा लागू असलेल्या कारखाना कायदा, १९४८ प्रमाणे वीस दिवस काम केलं की एक दिवसाची भरपगारी रजा जमायची. म्हणजे मी पेनाच्या एका फटकाऱ्यात त्याची शंभर दिवसांची कमाई खाल्ली. अर्जसुद्धा त्यानं करायचा होता, पंधरा दिवस आधी. पुरानं काय पंधरा दिवस आधी कळवलं होतं?

अशा बंदला 'ले-ऑफ' म्हणतात, आणि त्याच्या व्याख्येत नैसर्गिक आपत्तीही आहे. कामगार वेळेवर हजर झाला आणि दोन तासांत काम दिलं नाही, तर तो दिवस ले-ऑफचा. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला बेसिक आणि महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे. (बेसिक किती ते ज्यानं स्लिप वाचली त्यालाच ठाऊक.) पण हे निम्मे पैसे पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथेच. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हेच होतं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच आहे. आमचे ३८. शेठ निम्म्या पगारातून सुटले.

शेठच्या बाजूनंही बोलते. ऑर्डरी अडकलेल्या, मोटरी रिवाइंडिंगला, विम्याचा सर्व्हेअर आलेला नाही. अशा माणसाकडे पूर्ण पगार मागायला माझी जीभ रेटत नाही. लॉकडाऊनमध्ये २९ मार्च २०२० ला सरकारनं पूर्ण पगाराचा हुकूम काढला होता, पण जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालक-कामगारांना आपसांत बोलून मिटवा असंच सांगितलं. मग बोला ना! पहिल्याच दिवशी ग्रुपवर टाका, 'काम बंद, निम्मा पगार मिळेल, उरलेल्यासाठी ज्याला पी.एल. लावायची त्यानं सांगावं.' निम्म्यावर बहुतेकजण हो म्हणाले असते. मला राग आहे तो न विचारता कापल्याचा. तोटा दोघांचा होता, आम्ही एकाच्या खात्यात मांडला, आणि तोही रजा म्हणून, जणू ती माणसं पाच दिवस माउंट आबूला गेली होती.

संध्याकाळी भाच्याला सांगितलं, आधी युनियनशी करार आहे का ते विचार. दिवाळीच्या बंदला पी.एल. लावायची असं काही ठिकाणी ठरलेलं असतं, पण ते सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. करार नसेल तर एचआरला मेल टाक, 'मी कामावर यायला तयार आहे, प्लांट कंपनीनं बंद ठेवला आहे.'

काल त्याचा मेसेज आला. करार नाही. मेल टाकलाय. त्याच्या शिफ्टमधल्या बाकी सगळ्यांनी फॉर्म भरलाय.