दिवाणजींच्या वहीत सगळं बसतं

कांद्याच्या एका व्यापाऱ्याने सॉफ्टवेअर करायला बोलावलं तेव्हा मला वाटलं, पंचवटीत मार्केट यार्डाजवळ गाळा, जाताजाता मिसळ, काम काय तर वही कॉम्प्युटरवर चढवायची, पंधरा दिवसात मोकळा. आठ महिने झाले.

भानगड अशी की प्रोग्रॅम जावा या भाषेत, डेटा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, आणि कशाला काय म्हणायचं यावर दोघांचं जमत नाही.

जुन्या एक्सेलमधले शेतकऱ्यांचे मोबाईल मी थेट डेटाबेसमध्ये ओतले, कॉलम ठेवला इंट, म्हणजे पूर्ण आकड्यांचा, नंबर म्हणजे आकडाच ना! आता इंटमध्ये मावतात जास्तीत जास्त २१४७४८३६४७, आणि आपले मोबाईल सुरूच होतात ६ च्या पुढे. सर्व्हर जुना, स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न बसणारं नाकारायची शिस्त, बंद, त्यामुळे तो ओरडलाही नाही, जो नंबर बसेना त्याच्या जागी गुपचूप तोच सगळ्यात मोठा आकडा चिकटवून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी दिवाणजी म्हणाले, "भाऊ, निफाडपासून दिंडोरीपर्यंत सगळ्यांचा फोन एकच कसा हो? लावून पाह्यला, लागत पण नाही."

पैशांना डबल वापरला होता, म्हणजे अपूर्णांक थोडे अंदाजे ठेवणारा प्रकार. जावाला ०.१ मध्ये ०.२ मिळवायला सांगा, ०.३०००००००००००००००४ येतात. दिवाणजींनी त्या शेवटच्या ४ वर बोट ठेवलं, "हे कोणाच्या खात्यात टाकू?" मग डेटाबेसमध्ये डेसिमल, जावात बिगडेसिमल, हे अचूक ठेवणारे प्रकार, सगळं परत.

पण खरा मार बसला नलचा. ट्रॉली काट्यावर जायची असली की दिवाणजी वजनाची जागा कोरी ठेवतात, डेटाबेसमध्ये ती बरोबर नल म्हणून गेली. डेटाबेसमधून आकडा वाचणारं जावातलं गेटइंट मात्र नल दिसला की बिनधास्त शून्य देतं, खरंच शून्य होतं की कोरं होतं ते वॉजनलला वेगळं विचारावं लागतं आणि मी ते विचारलंच नव्हतं. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद, छापून आली: वजन शून्य किलो, गाडीभाडं वजा, उचल वजा, शेतकऱ्याकडूनच येणे ८५० रुपये. आणि वाईट काय वाटलं माहितीये, तो माणूस भांडला पण नाही हो, पट्टीची घडी करून खिशात घालून निघाला होता, कांद्याचा भाव बघता त्याला ती खरीच वाटली. दिवाणजी चप्पल न घालता मागे पळाले म्हणून बरं.

शेवटी स्ट्रिक्ट मोड चालू केला आणि मोबाईलचा कॉलम व्हारकॅर, म्हणजे मजकुराचा केला, १५ अक्षरांचा, म्हटलं प्लस ९१ लावलं तरी बसेल. मोठ्या ऐटीत दिवाणजींना म्हणालो, आता काहीही टाका. त्यांनी दोन बोटांनी सावकाश टाईप केलं, 'फोन नाही, भाच्याकडे निरोप देणे'.

डेटा टू लाँग.

दिवाणजींनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कपाटातनं वही काढली.