हप्ते दोघांचे, रजिस्ट्री दादाची

आईचा फोन रविवारी येतो. लिव्हरपूलला तेव्हा सकाळ असते आणि इंदूरला जेवणं आटोपून मागचं आवरणं चाललेलं असतं. २०२५च्या जूनमधला एक फोन पाऊण तास चालला. त्यात ना पावसाची चौकशी होती, ना माझ्या मुलांच्या परीक्षेची. इंदूरचं एक नवं जोडपं मेघालयात फिरायला गेलं, नवरा मारला गेला आणि पोलिसांनी बायकोला अटक केली, एवढा एकच विषय. तो खटला न्यायालयात आहे आणि कोणी काय केलं ते तिथेच ठरेल. आमच्या घरी मात्र निकाल त्याच दिवशी लागला होता. दादा-वहिनी इंदूरच्याच निपानिया भागात दोघांच्या नावे फ्लॅट घेत होते. आता रजिस्ट्री एकट्या दादाच्या नावे व्हायची होती.

"आजकाल काही सांगता येत नाही गं," आई म्हणाली.

वहिनी या घरात येऊन सोळा वर्षं झाली. ती शाळेत शिकवते. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रजा टाकून महिनाभर तिच्या उशाशी तीच होती. कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून तिची सही राहणारच होती, कारण तिचा पगार धरल्याशिवाय एवढं कर्ज मंजूर होत नव्हतं. म्हणजे फेडायला दोघं आणि मालक एक. हे मी आईला म्हटलं, तर ती म्हणाली, "तू तिकडे राहतेस, तुला इथलं काय कळणार?" परदेशातल्या प्रत्येकाला हे वाक्य वर्षातून चारदा तरी ऐकावं लागतं आणि चारातल्या तीन वेळा ते खरंही असतं. पण ही चौथी वेळ होती.

गंमत म्हणजे आमच्याच घरात बायकांच्या नावे मालमत्ता करायची जुनी हौस आहे. मध्य प्रदेशात बाईच्या नावे रजिस्ट्री केली की शुल्कात सवलत मिळते, म्हणून मामांचे दोन प्लॉट मामीच्या नावावर आहेत. मामीनं ते प्लॉट कधी पाहिले नाहीत, कागदही नाहीत. ते मामांच्या कपाटात असतात. तेव्हा कुणाला भीती वाटली नाही, कारण ते नाव फक्त सवलतीपुरतं होतं. वहिनीचं नाव खरं असणार होतं, म्हणून ते खुपलं. अहिल्याबाईंनी विधवेची संपत्ती सरकारजमा करायला नकार दिल्याची गोष्ट आम्ही इंदूरकर पोरं शाळेत ऐकतच मोठी झालो. असो.

आता त्या भीतीकडेच बघू. सुनेच्या नावे काही केलं तर ती जिवावर उठेल आणि घर घेऊन जाईल, असं घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटतं. पण कायद्यानं हा दरवाजा फार पूर्वी बंद केला आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २५: खून करणाऱ्याला किंवा खुनाला साथ देणाऱ्याला मारल्या गेलेल्याची मालमत्ता वारसानं मिळत नाही. तो आधीच मेला होता असं धरून वाटणी होते. हा कायदा होण्याआधी, १९२४ साली, लंडनमध्ये बसणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या आपल्या शेवटच्या अपील न्यायालयानं, कर्नाटकातल्या एका खटल्यात हेच तत्त्व मानलं होतं. इतकंच काय, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बापाला मारणाऱ्या मुलाच्या बायकोलाही त्याच्यामार्फत हिस्सा मागू दिला नाही.

मी राहते त्या भागात, एगबर्थमध्ये, रिव्हर्सडेल रोडवर एक मोठं जुनं घर आहे. १८८९ साली तिथे जेम्स मेब्रिक नावाचा कापसाचा व्यापारी मेला. त्याची अमेरिकन बायको फ्लॉरेन्स हिच्यावर अर्सेनिक दिल्याचा खटला सेंट जॉर्जेस हॉलमध्ये चालला. फाशीची शिक्षा झाली, ती रद्द होऊन जन्मठेप झाली आणि १९०४ साली ती सुटली. तिनं खरंच विष दिलं का, यावर इथली माणसं पबमध्ये अजून भांडतात. मला त्या भांडणापेक्षा त्याच्या विम्याचं काय झालं यात जास्त रस. मेब्रिकनं दोन हजार पौंडांची पॉलिसी बायकोच्या लाभासाठी काढली होती. पैसे तिला द्यायचे नाहीत, पण म्हणून कंपनीनंही ते गिळायचे नाहीत, ते मृताच्या इस्टेटीत जमा व्हावेत, असं अपील न्यायालयानं ठरवलं. ती पॉलिसी इंग्लंडच्या ज्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली होती, त्याच नावाचा १८७४चा कायदा आपल्याकडे आजही लागू आहे. एलआयसीचा एजंट 'एमडब्ल्यूपी'चा फॉर्म पुढे करतो तो त्याचाच. त्याखाली बायको-मुलांसाठी काढलेल्या पॉलिसीला नवऱ्याचे सावकारसुद्धा हात लावू शकत नाहीत. आमच्या घरी हा फॉर्म कुणी भरलेला नाही. तो नको असेल तर नका भरू, पण निदान माहीत तरी असू द्या.

तेव्हा वारसाच्या वाटेनं खुनी माणसाच्या हाती फारसं काही लागत नाही. जे लागतं ते खून होण्याच्या आधी लागतं. जिवंतपणी करून घेतलेलं दानपत्र, 'तू फक्त सही कर' म्हणून घेतलेलं मुखत्यारपत्र, हळूच बदललेला बँकेतला नॉमिनी, सासऱ्याच्या नावे वळवलेली एफडी. कलम २५ वारसाहक्काबद्दल बोलतं. नोंदणी झालेल्या दानपत्राला ते शिवत नाही. ते मोडायला वेगळा दिवाणी दावा लागतो. जबरदस्ती झाली किंवा फसवणूक झाली हे सिद्ध करावं लागतं, तेही कळल्यापासून तीन वर्षांत. आणि सही करणारा माणूस तर गेलेला असतो. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं खरं, पण एटीएम कार्डाला ते कोण सांगणार? म्हणून असं एखादं प्रकरण वाचताना मी आधी तारखा शोधते. कोणता कागद कधी झाला, त्या दिवशी सोबत कोण होतं, साक्षीदार कुणाच्या ओळखीचा. फ्लॅटवर दोन नावं आहेत यात मला संशय घेण्यासारखं काही दिसत नाही. शेवटच्या सहा महिन्यांत घाईघाईनं एक नाव पुसलं गेलं असेल, तर मात्र मी थांबते.

नॉमिनीबद्दल तर घरोघरी गैरसमज. नॉमिनी म्हणजे मालक असं आमच्या बाबांना शेवटपर्यंत वाटायचं. १९८३ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विम्याचा नॉमिनी पैसे घेतो ते वारसांच्या वतीनं. २०१५ मध्ये विमा कायदा बदलला आणि आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी मानायचं ठरलं. बँकेतल्या ठेवींचं तसं नाही, तिथे नॉमिनी अजूनही मधला माणूसच. २०२३ च्या डिसेंबरात शेअर्सच्या बाबतीतही न्यायालयानं हेच म्हटलं.

आता ती बाजू, जिच्यावर आमच्या घरच्या ग्रुपवर अवाक्षर नाही. समजा मेलेली बायको आहे. मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही, स्वतःच्या कमाईची रक्कम आणि घर आहे. कलम १५ नुसार तिचे पहिले वारस मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे आई-वडील त्याच्याही नंतर. म्हणजे नवऱ्यानंच तिला मारलं आणि कलम २५ नं तो बाद झाला, तरी कलमाचे शब्द सरळ वाचले तर पुढची पायरी त्याच्याच घरच्यांची. वकील यावर झगडू शकतात, पण झगडावं लागतं हेच वाईट. २००९ च्या एका निकालातल्या बाईचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांतच गेला, सासरच्यांनी तिला हाकललं, माहेरच्यांनी शिकवून नोकरीला लावलं. तिच्या मृत्यूनंतर तिची कमाई कुणाला मिळाली? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. आईला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं. माझ्या ओळखीतल्या किती जणींनी केलं, हे विचारून पाहिलं. सगळ्या हसल्या. "आत्ताच कशाला मरणाचं बोलतेस?"

हे मरणाचं बोलणं मी इथे शिकले, तेही नाइलाजानं. घर घेताना आमच्या सॉलिसिटरनं, म्हणजे कागदपत्रं बघणाऱ्या वकिलानं, दोघांना समोर बसवून शांतपणे विचारलं: दोघांपैकी एक गेलं तर त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याचा व्हावा, की वेगवेगळे हिस्से ठेवायचे? मी नवऱ्याकडे बघितलं, त्यानं खिडकीबाहेर. इंदूरमध्ये असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आमच्या आजीनं चहासुद्धा दिला नसता. पण तो विचारला गेला, उत्तर कागदावर आलं आणि माझे पैसे किती, त्याचे किती, हे त्या दिवसापासून दोघांना ठाऊक आहे. पहिली पद्धत निवडली आणि एकानं दुसऱ्याला मारलं, तरी अख्खं घर त्याला मिळत नाही, मृताचा अर्धा वाटा त्याच्या इस्टेटीत जातो, हे मला मेब्रिकच्या नादानं बरंच नंतर कळलं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तू हिशेब करून ठेवलायस."

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. नवऱ्यांच्या हातून इथेही बायका मरतात, आणि पैशाच्या नाड्या आवळून माणसाला कोंडणं हा गुन्हा मानायला या देशालाही २०१५ उजाडावं लागलं. पण एक गोष्ट मला खरीच इथे दिसली. कागद दोघांसमोर उघडणं म्हणजे अविश्वास, असं इथे कुणी मानत नाही. आमच्याकडे विश्वास म्हणजे न वाचता सही.

पुढच्या रविवारी आईऐवजी वहिनीनं फोन केला. ती स्वयंपाकघरात होती, मागे कुकरच्या शिट्ट्या. रजिस्ट्री दादाच्या नावे झाली होती, तिनंही घरी पेढे वाटले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, एक विचारू? माझ्या पगारातून जे हप्ते जातात, ते कुठल्या कागदावर दिसतात का?"

मी म्हटलं, "तुझ्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये."

"मग मी आजपासून छापून ठेवते," ती म्हणाली, आणि गॅस बंद करायला गेली.