‘जेंटीने नुसत्या लिंबूटिंबूंना धुतलं’ म्हणे!

अ‍ॅश्टन जेंटी हा अमेरिकन फुटबॉलमधला खेळाडू कसा ओव्हररेटेड आहे हे सांगणारं एक फॉरवर्ड आमच्या डॅलसकडच्या मराठी ग्रुपांवर कधीपासून फिरतंय. मी बघून न बघितल्यासारखं करत होतो. पण परवा भाच्याने तेच मला तोंडपाठ म्हणून दाखवलं, "मामा, तो लाइनमुळे मोठा झाला, त्याच्या जागी कुणीही पळाला असता." भाचा फ्रिस्कोत शिकतो, शाळेच्या टीमकडून रनिंग बॅक खेळतो, आणि जेंटी फ्रिस्कोच्याच लोन स्टार हायस्कूलमधून पुढे गेलेला. म्हणजे घरासमोरचा हिरो सोडून पोरगं व्हॉट्सअ‍ॅपवर विश्वास ठेवतंय. मग म्हटलं लिहूनच टाकतो एकदाचं.

ज्यांना या खेळाचं काही कळत नाही त्यांच्यासाठी: रनिंग बॅक म्हणजे बॉल छातीशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा गडी. बॉइझी स्टेट युनिव्हर्सिटीकडून २०२४च्या सीझनला जेंटीने १४ मॅचमध्ये ३७४ वेळा बॉल घेऊन २,६०१ यार्ड काढले (म्हणजे पळत बॉल एवढं अंतर पुढे नेला), २९ टचडाऊन (बॉल थेट समोरच्यांच्या टोकापर्यंत पोचवणं). फॉरवर्डचं म्हणणं असं की हे सगळं पाटा विकेटवरचं आहे: समोरच्या टीम दुबळ्या, वाट करून देणारी लाइन तगडी, उंची कमी, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली नाही, पेन स्टेटच्या टीमने उघडा पाडला, आणि बॅरी सँडर्सचा एका सीझनमधल्या यार्डांचा रेकॉर्ड काही मोडला नाही.

दुबळ्या टीमचं थोडं मान्य करावंच लागेल. बॉइझी ज्या गटात खेळली ती माउंटन वेस्ट ही काही अलाबामा-जॉर्जियासारख्या दादा टीमची कॉन्फरन्स नाही, आणि पोर्टलंड स्टेट तर खालच्या डिव्हिजनमधली टीम. पण मग स्कोअरकार्ड उघडून बघायचे कष्ट तरी घ्या ना. पोर्टलंड स्टेटविरुद्ध त्याला बॉल दिला ११ वेळा, यूटा स्टेटविरुद्ध १३ वेळा, की झालं, बस खाली. लिंबूटिंबूंवर आकडे फुगवायचे असते तर तिथेच चारशे-चारशे यार्ड काढून घेतले असते की, कोण अडवणार होतं? आणि ज्या ओरेगॉनला त्या सीझनमध्ये ‘रोज बोल’ या सीझनअखेरच्या मोठ्या मॅचपर्यंत कुणी हरवू शकलं नाही, त्यांच्याच मैदानावर जाऊन या पठ्ठ्याने २५ वेळा बॉल घेऊन १९२ यार्ड आणि ३ टचडाऊन केले. बॉइझी ती मॅच ३७-३४ अशी हरली, शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलवर (बॉल लाथेने खांबांमधून मारून मिळणारे गुण), आणि ओरेगॉनने बॉइझीने लाथाडलेले दोन बॉल, एक किकऑफ आणि एक पंट, थेट परत आणून दोन टचडाऊन केले होते, त्या वेळी जेंटी मैदानात पण नव्हता. फॉरवर्डमध्ये ओरेगॉनचं नावसुद्धा नाही. सोयीस्कर.

आता ते लाइनचं. हा मुद्दा वाचून मला खरंच हसावं का रडावं कळेना, आणि पोरांच्या डोक्यात नेमका हाच बसतो.

लाइन म्हणजे पुढचे पाच धिप्पाड गडी, समोरच्यांना ढकलून वाट करून देणारे. वाट मिळाली की रनिंग बॅक पळतो, इथपर्यंत ठीक. पण कॉलेज फुटबॉलची प्रत्येक प्ले बघून मोजदाद करणारे पीएफएफवाले आहेत, ते प्रत्येक धावेचे दोन तुकडे करतात, समोरचा पहिला माणूस अंगाला भिडेपर्यंतचे यार्ड वेगळे आणि भिडल्यानंतरचे वेगळे. जेंटीचे भिडल्यानंतरचे यार्ड होते १,९७०. परत वाचा. त्या वर्षी एकूण यार्डांत देशात दुसऱ्या नंबरवर अ‍ॅरिझोना स्टेटचा कॅम स्कॅटेबो होता, त्याचे अख्ख्या सीझनचे सगळे मिळून १,७११. म्हणजे अंगावर माणूस लटकल्यावर जेंटी जेवढा पळाला तेवढं बाकी देशात कुणाला एकूणसुद्धा पळता आलं नाही.

आता उरलेलं गणित करा, पाचवीचं आहे. २,६०१ मधून १,९७० गेले, राहिले ६३१, भागिले ३७४. दर वेळी सरासरी पावणेदोन यार्डसुद्धा नाही, जेमतेम पाच फूट! जेंटीची उंची साडेपाच फुटांच्या वर आहे. म्हणजे लाइनने त्याला सरासरी जी मोकळी वाट दिली त्यात तो आडवा झोपला असता तर पाय बाहेर आले असते. आणि म्हणे लाइनमुळे मोठा झाला!

यात लाइनला शिव्या द्यायच्या नाहीत मला. बॉल कुणाकडे जाणार हे अख्ख्या स्टेडियमला माहीत असायचं, त्यामुळे समोरचे आठ-आठ जण पुढे आणून उभे करायचे, पाच जण कुणाकुणाला अडवणार? व्हिडिओ बघा कुठलाही. बाकीचे रनिंग बॅक गुडघ्यांवर हात ठेवून वाकून तयार असतात, हा मात्र बसस्टॉपवर असल्यासारखा ताठ, हात खाली सोडून उभा. बॉल मिळाला की दोन पावलांत पहिला माणूस कमरेला येऊन धडकतो, तो त्याच्या मांडीवरून घसरून मागे पडतो, दुसरा खांद्याला लोंबकळतो, आणि याचे पाय चालूच. खाली पडायला पाहिजे असं आपल्याला वाटतं तेव्हा हा एक हात जमिनीला टेकवून पुढे निघून गेलेला असतो. भाच्याला कोचने शिकवायला पाहिजे ते हे, आणि पोरगं शिकतंय काय तर ‘कुणीही पळाला असता’.

उंचीवर मी बोलणार नाही. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या रेडर्सनी एप्रिल २०२५ मध्ये त्याला ड्राफ्टमध्ये (कॉलेजची पोरं निवडतात तिथे) सहाव्या नंबरवर उचलला, त्यांच्याकडे मेजरटेप असेलच.

हाइझमनचं म्हणाल तर ती ट्रॅव्हिस हंटरला गेली, जो कोलोरॅडोकडून रिसीव्हर (बॉल झेलणारा) पण खेळायचा आणि कॉर्नरबॅक (झेलणाऱ्याला अडवणारा) पण, दोन्हीकडे पूर्णवेळ. असा माणूस पिढीत एखादा येतो. त्याच्या मागे २१४ पॉइंट्सनी दुसरा येणं, तेही २००९ नंतरच्या सगळ्यात चुरशीच्या मतदानात, याला अपयश म्हणणारा माणूस मला भेटायचाय.

पेन स्टेटची मॅच वाईट गेली, बरं. ३१ डिसेंबरच्या फिएस्टा बोलमध्ये ३० वेळा बॉल घेऊन १०४ यार्ड, टचडाऊन शून्य, हातातून बॉलही सुटला, टीम ३१-१४ हरली. पेन स्टेटने त्याला बांधून ठेवलं, यात वाद नाही. पण सीझनमधला त्याचा सगळ्यात कमी आकडा हाच, १०४. चौदापैकी एकाही मॅचमध्ये शंभरच्या खाली आला नाही. असं ‘उघडं पडणं’ कुणालाही चालेल.

राहिला सँडर्स. इथे मात्र हात वर. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने १९८८ साली २,६२८ यार्ड आणि ३७ टचडाऊन केले ते ११ मॅचमध्ये, जेंटीला १४ मिळूनही २७ यार्ड कमी पडले. सँडर्सचा सीझन भारी होता, विषय संपला. पण हा मुद्दासुद्धा फॉरवर्डवाल्याला धड मांडता आलेला नाही. तेव्हा एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची संस्था, सीझनअखेरच्या बोल गेमचे आकडे धरतच नव्हती, ते धरायला लागले २००२ पासून. सँडर्सने हॉलिडे बोलमध्ये वायोमिंगविरुद्ध काढलेले २२२ यार्ड त्या रेकॉर्डमध्ये नाहीतच, ते धरले तर तो २,८५० वर जातो. जेंटीच्या विरोधातला सगळ्यात दमदार पुरावा हा आहे, आणि एवढ्या लांबलचक फॉरवर्डमध्ये नेमका तोच नाही.