मालक कोण ते नंतर बघू. आधी सांगा, राखण कोण करणार?

"सगळ्यांचं ते कोणाचंच नाही" असं आपण सहज बोलून जातो. मग समुद्रातला मासा, कालव्याचं पाणी, दीपस्तंभ, ओझोनचा थर, इंटरनेट ज्यावर चालतं ती मोफत प्रणाली, सगळं एकाच गाठोड्यात बांधतो. त्यावर उपायही दोनच ऐकू येतात: खाजगी करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. हे गाठोडं आधी सोडवायला हवं, कारण त्यात दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

दोन प्रश्न विचारले की पुरतं. वापरणाऱ्याला अडवता येतं का? आणि एकाने वापरलं की दुसऱ्याचं कमी होतं का? दीपस्तंभाचा उजेड अडवता येत नाही आणि दहा जहाजांनी पाहिला म्हणून अकराव्याला कमी पडत नाही. ही सार्वजनिक वस्तू. समुद्रातल्या माशालाही कुंपण घालता येत नाही, पण एकाच्या जाळ्यात गेलेला मासा दुसऱ्याला मिळत नाही. हे सामायिक साधन. पहिल्याचं दुखणं असं की त्यात कोणी पैसा घालत नाही. दुसऱ्याचं असं की सगळे काढतात. पहिल्याला पैसा जमवावा लागतो, दुसऱ्याला हात आवरावा लागतो.

आणि बऱ्याचदा दोन्ही दुखणी एकाच जागी असतात. कालव्यातलं पाणी हे सामायिक साधन, पण त्याच कालव्याचा गाळ काढणं ही सार्वजनिक वस्तू. पाण्याच्या पाळीचे नियम काटेकोर लिहिले आणि गाळ कोणी काढायचा हे मोघम ठेवलं, की चार-पाच हंगामांत शेवटच्या टोकाला पाणी पोचेनासं होतं. मग टोकाची माणसं पाळीचा नियम मोडायला लागतात. दोष पाळीवर येतो, मूळ मात्र गाळात असतं.

"हात आवरावा" म्हणजे किती, हे एकदा आकड्यात बघूया. समजा एका तळ्यात जास्तीत जास्त १,००० टन मासा मावतो. साठा अगदी थोडा असताना तो वर्षाला ४० टक्क्यांनी वाढतो आणि तळं भरत जातं तशी वाढ मंदावते. साठा ९०० टन असताना वर्षाची भर फक्त ३६ टन. ५०० असताना १०० टन. २०० असताना ६४ टन. म्हणजे तळं अर्धं भरलेलं असतानाच सर्वांत जास्त काढता येतं, वर्षाला १०० टन, कायमचं.

आता एखादं वाईट वर्ष आलं आणि साठा ५०० वरून ४०० वर घसरला. पकड मात्र १०० टनच राहिली, कारण होड्या तेवढ्याच आणि कर्जाचे हप्तेही तेवढेच. ४०० टनांवर भर पडते ९६ टन, तूट ४ टन. कोणाच्या लक्षातही येत नाही. ३०० टनांवर तूट १६ होते, २०० वर ३६, १०० वर ६४. याच हिशेबाने ४०० वरून ३०० वर यायला साधारण तेरा वर्षं लागतात. पुढच्या शंभर टनांना साडेचार आणि त्यापुढच्या शंभरांना दोनच्या थोडं वर. पहिली तेरा वर्षं जो सावधगिरीचं बोलतो त्याला लोक घाबरट म्हणतात, आणि सगळ्यांना पटतं तेव्हा हातात दोन वर्षं उरलेली असतात.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळच्या कॉड माशाची पकड १९६८ साली सुमारे ८ लाख टनांवर गेली होती. १९७७ मध्ये कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत हक्क जाहीर केला आणि परदेशी जहाजांना बाहेर काढलं. मालक ठरला, शास्त्रज्ञ होते, ठरवून दिलेली पकडही होती. तरी २ जुलै १९९२ ला मासेमारी पूर्ण बंद करावी लागली आणि ३० हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं. का? बाकी कारणंही होती, पण एक मोठी चूक मोजणीत होती. साठ्याच्या अंदाजात व्यापारी जहाजांना ठरावीक वेळात मिळणाऱ्या पकडीला बरंच वजन होतं, आणि कॉड कमी होतो तेव्हा तो समुद्रभर विरळ होत नाही, उरलेला मासा एकत्र गोळा होतो. जहाजं नेमकी तिथेच जात होती. त्यांची जाळी भरत होती आणि साठा आटत होता. ज्या मापाने मोजलं ते मापच शेवटपर्यंत "ठीक आहे" म्हणत राहिलं. म्हणून मी म्हणतो, मालकाचं नाव लिहून भागत नाही. मोजतो कोण, कशाने मोजतो आणि चुकलं तर कळतं कसं, हे आधी.

बरं, मोजणी बरोबर आली आणि एकूण मर्यादाही पाळली गेली, म्हणजे झालं का? अलास्काच्या हॅलिबट माशाचं बघा. एकूण पकडीवर मर्यादा होती, पण कोणाचा वाटा किती हे ठरलेलं नव्हतं. म्हणजे मर्यादा संपायच्या आत जो पळेल त्याचं. प्रत्येकाने मोठी होडी घेतली, जास्त गळ लावले आणि हंगाम आक्रसत गेला. १९९० च्या सुरुवातीला तर बऱ्याच भागांत वर्षातून चोवीस-चोवीस तासांचे दोन-तीन हंगाम उरले होते. त्या दिवशी वादळ असलं तरी निघायचं. सगळा मासा एकदम धक्क्यावर, म्हणून ताजा विकताच येईना, गोठवायचा. १९९५ मध्ये प्रत्येकाला वाटा बांधून दिला आणि हंगाम जवळजवळ आठ महिन्यांचा झाला. मासा आधीही वाचत होता, माणसं आणि पैसा वाया जात होता.

वाटे बांधतानाही दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला: "गेल्या तीन वर्षांच्या वापराप्रमाणे वाटा मिळेल" अशी कुणकुण लागली की वाटा वाढवायला प्रत्येक जण वापर वाढवतो, आणि साधन वाचवायच्या योजनेनेच त्याचा चट्टामट्टा होतो. म्हणून हिशेबाची वर्षं घोषणेच्या आधीची हवीत, एक दिवसही नंतरचा नको. दुसरा: वाटा टनांत द्यायचा की टक्क्यांत? न्यूझीलंडने १९८६ मध्ये टनांत दिला. पकड कमी करायची वेळ आली तेव्हा लोकांना दिलेले टन सरकारला पैसे मोजून परत घ्यावे लागणार होते. १९९० मध्ये त्यांनी वाटा एकूण मर्यादेच्या टक्क्यांत केला. आता साठा घटला की सगळ्यांचं आपोआप घटतं आणि साठ्याची चिंता सगळ्यांनाच लागते.

आता राखणीकडे येतो, कारण माझ्या मते सगळं इथे येऊन अडतं.

जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाचा नाश अटळ असल्याचं मांडलं आणि तो लेख जगभर गाजला. आपण "व्यवस्था नसलेलं" कुरण म्हणायला हवं होतं, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केलं. तो एक शब्द गाळल्याची किंमत फार मोठी होती. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी शेकडो वर्षं टिकलेली कुरणं आणि कालवे तपासून १९९० मध्ये दाखवलं की वापरणारेच नियम करतात आणि पाळतात. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना ऑलिव्हर विल्यमसन यांच्याबरोबर मिळालं. गाव करी ते राव न करी, ही आपली म्हण त्यांच्या कामाला चपखल बसते. पण गाव नेमकं काय करतं ते बारकाईने बघायला हवं.

स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ चा नियम असा: हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात न्यायच्या. हा नियम मला फार आवडतो. डोंगरावर पसरलेलं गवत किती खाल्लं हे कोण मोजणार? पण हिवाळ्यात कोणाच्या गोठ्यात किती गाई आहेत हे अख्ख्या गावाला माहीत असतं. अवघड मोजणी टाळून सोपी मोजणी पकडली. आणि नियम मोडणाऱ्याला दंड करणाऱ्या गावच्या अधिकाऱ्याला दंडातली निम्मी रक्कम मिळायची.

ही निम्मी रक्कम महत्त्वाची, कारण राखण स्वतःच एक सार्वजनिक वस्तू आहे. मी चोर पकडला तर फायदा सगळ्यांचा, वैर मात्र माझ्या एकट्याशी. मग मी कशाला पकडू? ज्या नियमावलीत याचं उत्तर नाही ती कपाटात पडून राहते. स्पेनमधल्या वालेन्सियाच्या पाटांवर जुन्या पद्धतीत याचं उत्तर पाळीतच आहे: तुमची पाळी संपायची वाट बघत पुढचा शेतकरी उभाच असतो. तुम्ही जास्त वेळ पाणी घेतलं तर त्याचं जातं. वेगळा पहारेकरी नेमला तरी त्याच्यावरही या दोघांची नजर राहते. तंटा झालाच तर तिथली पाणी-पंचायत दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात बसते आणि तोंडी निकाल देते. तारखांवर तारखा पडत राहिल्या असत्या तर पीक वाळल्यावर निकाल लागला असता.

अमेरिकेतल्या मेन राज्यात लॉबस्टर पकडणाऱ्यांची रीतही अशीच. सापळ्यात अंडी धरलेली मादी आली की तिच्या शेपटीच्या पाकळीवर व्ही अक्षरासारखी खाच पाडायची आणि तिला सोडून द्यायचं. पुढच्या वेळी ती दुसऱ्याच्या सापळ्यात आली आणि तेव्हा अंगावर अंडी नसली तरी खाच बघून तिला सोडावंच लागतं. कवच बदलत जातं तशी खाच बुजत जाते, म्हणून अंडी दिसली की पुन्हा पाडायची. नोंदवही जनावराच्या अंगावरच आहे आणि वाचायला कोणत्याही कचेरीत जावं लागत नाही.

दंडाचंही असंच तारतम्य लागतं. पहिल्याच चुकीला जबर दंड लिहिला की तो कोणी लावतच नाही. पाळी विसरलेल्या शेजाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न कोण काढून घेईल? एकदा माफ, दोनदा माफ, आणि नियम मेला. पहिल्यांदा चारचौघांत समज, मग लहान रक्कम, मग वाढती, शेवटी हक्क बंद. लहान दंड लावायला जड जात नाही, म्हणून तो खरोखर लागतो, आणि लागतो म्हणूनच बाकीचे पाळतात.

प्रयोगांतही हे दिसलं आहे. चार जण, प्रत्येकाकडे २० नाणी. सामायिक पेटीत एक नाणं टाकलं की चौघांनाही ०.४ मिळतात. गटाला मिळून १.६ मिळतात, टाकणाऱ्याला मात्र ०.६ चा तोटा. अर्थशास्त्रज्ञ फेर आणि गेश्टर यांच्या २००० सालच्या प्रयोगात दहा फेऱ्यांत लोकांचं टाकणं घसरत गेलं. स्वतःचे पैसे खर्चून दुसऱ्याला दंड करायची मुभा दिली तेव्हा ते चढत गेलं. पण इथेच थांबू नका. १६ शहरांतल्या याच खेळाचे निकाल २००८ मध्ये छापून आले, तेव्हा काही ठिकाणी भरभरून टाकणाऱ्यांनाच दंड झाल्याचं दिसलं! दंडाचा अधिकार वाटला म्हणजे न्याय आला असं नाही. आणि कोलंबियाच्या खेड्यांमधल्या २००० सालच्या अभ्यासात, बाहेरून नियम लादला आणि तपासणी कमजोर ठेवली, तिथे लोकांनी अखेरीस नुसती आपसात चर्चा करू दिलेल्या गटांपेक्षा जास्त ओरबाडलं. अर्धवट पहारा हा पहारा नसण्यापेक्षा वाईट ठरू शकतो, कारण तो "बघणारं कोणीतरी आहे" म्हणून आपापसातली लाज काढून टाकतो.

"कोणी घालत नाही" या दुखण्याला मात्र पहारा पुरत नाही. तिथे पैसा कशालातरी बांधावा लागतो. इंग्लंडमधले काही जुने दीपस्तंभ खाजगी होते. त्यांचे पैसे उजेडावर नाही, बंदरात घेतले जात. जहाजाच्या टनांप्रमाणे आकारणी, वसुली जकात अधिकाऱ्यांकडून, हक्क राजसत्तेने दिलेला. उजेड अडवता येत नाही, बंदर अडवता येतं. असं बंदर नसेल तर काय होतं, ते २०१४ मध्ये ओपनएसएसएलच्या हार्टब्लीड या दोषाने दाखवलं. इंटरनेटवरच्या असंख्य संकेतस्थळांचं गुपित राखणारी ही मोफत प्रणाली, तिला देणग्या येत वर्षाला सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. वापरणाऱ्यांत जगातल्या बड्या कंपन्या होत्या, आणि दोष उघड झाल्यावर त्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला. मला याचा अजूनही राग येतो, कारण जे काम करत होते त्यांच्यावरच आधी बोट रोखलं गेलं.

ओझोनच्या थराला ना बंदर, ना पाळी, ना पुढचा शेतकरी. तरीही १९८७ चा माँट्रियल करार टिकला आणि जगातल्या सगळ्या देशांनी तो मान्य केला. त्याच्या चौथ्या कलमात एक साधी गोष्ट आहे: करारात नसलेल्या देशाशी ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांचा व्यापार बंद. बाहेर राहून फुकट फायदा घ्यायचा तर मालही मिळणार नाही आणि बाजारही. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत दिली आणि १९९० मध्ये खर्चासाठी वेगळा निधी मंजूर झाला. दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, हवेतला कार्बन आवरायला क्योटोचा करार झाला. त्यात चौथ्या कलमासारखं काहीच नव्हतं. अमेरिकेने त्याला मंजुरी दिली नाही, कॅनडाने २०११ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, आणि बाहेर राहिल्याबद्दल दोघांपैकी कोणालाही त्या कराराखाली काहीच मोजावं लागलं नाही.