पुरे झाले ते सेल्फी!

बहीण भेटली की मिठी नंतर, आधी सेल्फी. एक नाही, पंधरा! ‘थांब, माझे डोळे मिटले.’ ‘शी, नाक केवढं आलंय!’ अगं, येणारच! फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. दोष अंतराचा आहे, तुझ्या चेहऱ्याचा नाही. तरी ती झूम करकरून स्वतःतली खोट शोधत बसते आणि मी समोर असून नसल्यासारखी. जीव तुटतो माझा. काल शेवटी तिचा फोन घेतला, लांबून एकच फोटो काढला आणि फोन माझ्या पर्समध्ये टाकला. दहा मिनिटं चुळबुळली, मग बोलायला लागली. दीड तास! पुढच्या वेळीही हेच करणार, रुसली तरी.